ज्यांनी युद्ध जिंकून दिले नाही, त्यांचे काय? ट्युरिंगवरचे नाटक आणि मुरुडच्या कर्व्यांचा खटला

१/
गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीत आम्ही सहा-सात जण एका मित्राच्या घरी माडीवर बसून एका इंग्रजी नाटकाचे वाचन करीत होतो. ह्यू व्हाइटमोर यांचे 'ब्रेकिंग द कोड'. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडणारा आणि पुढे समलिंगी म्हणून शिक्षा भोगलेला गणितज्ञ ॲलन ट्युरिंग हा त्याचा नायक. वाचन संपले आणि मी तावातावाने म्हणाले, "ज्याने युद्ध जिंकून दिले, त्याच्याशी असे वागावे?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण मात्र गप्प राहिला. रात्री त्याचा संदेश आला : "आणि ज्याने काहीच जिंकून दिले नाही, त्याच्याशी तसे वागले तर चालते का?"

आजचा धागा म्हणजे त्या प्रश्नाला मी उशिरा दिलेले उत्तर आहे. धागा मोठा आहे, सवडीने वाचा.

२/
प्रथम ट्युरिंगची ओळख. जन्म २३ जून १९१२, लंडन. त्याचे वडील ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात भारतीय सनदी सेवेत अधिकारी होते. आईचे वडील मद्रास रेल्वेत मुख्य अभियंता होते. मुलांना इंग्लंडमध्ये परक्या कुटुंबाकडे ठेवून आईवडिलांनी हिंदुस्थानात नोकरी करायची, ही त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्यांची रीत होती. ॲलनचे बालपणही असेच गेले.

म्हणजे ज्या राज्ययंत्रणेने आपल्याकडे भारतीय दंडविधान राबवले, तिच्याच पगारावर हा मुलगा वाढला. हा तपशील लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

३/
१९३६ साली, वयाच्या २४ व्या वर्षी, त्याने एक शोधनिबंध लिहिला. 'गणन' म्हणजे नेमके काय, हे त्यात त्याने एका काल्पनिक यंत्राच्या साहाय्याने मांडले. आजच्या संगणकशास्त्राचा पाया त्या निबंधात आहे.

युद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९३९ मध्ये, तो ब्लेचली पार्क येथील गुप्त केंद्रात दाखल झाला. जर्मन सैन्य 'एनिग्मा' नावाच्या यंत्रातून संदेश पाठवीत असे. या यंत्राची मांडणी रोज बदलली जाई आणि शक्य असलेल्या मांडण्यांची संख्या होती सुमारे १५९ वर अठरा शून्ये. मध्यरात्र उलटली की आदल्या दिवशीची सगळी मेहनत वाया.

४/
येथे एक दुरुस्ती केली पाहिजे. ट्युरिंगने हे कोडे एकट्याने सोडवले, असे चित्रपट पाहून वाटते. वस्तुतः मारियन रेयेव्स्की आणि त्याच्या पोलिश सहकाऱ्यांनी १९३२ पासूनच एनिग्माचा भेद केला होता, आणि युद्धाच्या तोंडावर, जुलै १९३९ मध्ये, आपले ज्ञान ब्रिटिशांच्या हाती दिले होते. ट्युरिंगने 'बाँब' या यंत्राची रचना करून ते काम पुढे नेले. जर्मन नौदलाचे अधिक अवघड संकेत उलगडणाऱ्या विभागाचे नेतृत्वही त्याने केले. अटलांटिकमध्ये पाणबुड्या कोठे दबा धरून बसल्या आहेत, हे त्यामुळे कळू लागले. या कामात हजारो लोक होते आणि त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती.

युद्ध संपल्यावर सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागले. हे गुपित १९७० च्या दशकापर्यंत फुटले नाही. म्हणजे १९५२ साली ट्युरिंग आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तेव्हा त्याने देशासाठी काय केले होते, हे न्यायालयाला सांगण्याची सोयच नव्हती.

५/
१९५२ सालचा प्रसंग असा. मँचेस्टरजवळच्या त्याच्या घरी चोरी झाली. चोर त्याच्या तरुण मित्राच्या ओळखीचा निघाला. ट्युरिंग स्वतः होऊन पोलिसांकडे गेला. चौकशीत त्या तरुणाशी असलेल्या संबंधाचा विषय निघाला आणि त्याने तो लपवला नाही.

नीट पाहा : त्याला कोणी पकडले नव्हते. फिर्यादी म्हणून गेलेला माणूस सरळ उत्तर दिल्यामुळे आरोपी झाला. १८८५ च्या कायद्यातील ज्या कलमाखाली ऑस्कर वाइल्डला तुरुंगात जावे लागले होते, तेच कलम त्याला लागले.

६/
३१ मार्च १९५२ रोजी तो दोषी ठरला. तुरुंग किंवा 'उपचार', असा पर्याय त्याच्यापुढे होता. त्याने दुसरा स्वीकारला. वर्षभर त्याच्या शरीरात स्त्री-संप्रेरके सोडण्यात आली. गुप्त कामासाठीची विश्वासार्हतेची परवानगी काढून घेण्यात आली. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ४१. चौकशीचा निष्कर्ष आत्महत्येचा होता. काही अभ्यासक त्याबद्दल शंका घेतात. परंतु त्याआधीच्या दोन वर्षांत राज्यसंस्थेने त्याच्याशी काय केले, याबद्दल कोणालाही शंका नाही.

७/
आता नाटकाकडे. गणितज्ञ अँड्र्यू हॉजेस यांनी १९८३ मध्ये ट्युरिंगचे सविस्तर चरित्र लिहिले. त्यावर आधारलेले व्हाइटमोर यांचे नाटक १९८६ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले. ट्युरिंगच्या भूमिकेत डेरेक जेकबी होते. पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कला गेले.

काळ ध्यानात घ्या. एड्सच्या भीतीने समलिंगी माणसांविषयीचा तिरस्कार वाढला होता. शाळांमध्ये समलिंगी संबंधांचा 'प्रचार' होऊ नये, असा कायदा ब्रिटनमध्ये दोनच वर्षांनी झाला. अशा हवेत हे नाटक उभे राहिले, ही साधी गोष्ट नव्हती.

८/
नाटकाचे इंग्रजी नाव दुहेरी अर्थाचे आहे. पण त्यासाठी आपल्याला इंग्रजीकडे जाण्याची गरज नाही. आपला 'संकेत' हा शब्द तेच काम करतो. संकेत म्हणजे खूण, गुप्त लिपी. आणि संकेत म्हणजे समाजाने घालून दिलेली रीत. पहिला संकेत मोडला म्हणून ट्युरिंग राष्ट्राला हवा होता. दुसरा मोडला म्हणून नकोसा झाला.

नाटकातील एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. परदेशातील सुट्टीत ट्युरिंग आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठे गुपित, एनिग्माची कथा, एका ग्रीक तरुणाला सांगतो; कारण त्या तरुणाला इंग्रजी कळत नाही. मन मोकळे करायचे तर न समजणारा श्रोता शोधायचा, ही पाळी माणसावर यावी!

९/
आता ज्या मुद्द्यावर मी चुकले, तो मुद्दा. माफीचा घटनाक्रम पाहा.

२००९ : ब्रिटिश पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सरकारच्या वतीने ट्युरिंगबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली.
२४ डिसेंबर २०१३ : ट्युरिंगला राजमाफी मिळाली. त्याला एकट्याला.
जानेवारी २०१७ : त्याच प्रकारच्या कलमांखाली शिक्षा झालेल्या इतर हजारो पुरुषांना कायद्याने माफी मिळाली. त्या तरतुदीला लोक 'ट्युरिंग कायदा' म्हणतात.
२३ जून २०२१ : ट्युरिंगचे चित्र असलेली ५० पौंडांची नोट चलनात आली.

मधल्या तीन वर्षांच्या अंतराकडे बोट ठेवा. कलम तेच, शिक्षा तीच. मग एकाला २०१३ मध्ये आणि बाकीच्यांना २०१७ मध्ये का? कारण बाकीच्यांत कोणी कारकून होता, कोणी खलाशी, कोणी शिक्षक. त्यांनी युद्ध जिंकून दिले नव्हते.

१०/
'ज्याने युद्ध जिंकून दिले, त्याच्याशी असे वागावे?' या माझ्या वाक्यात हाच हिशेब दडलेला होता. वाक्य ऐकायला कळवळ्याचे. पण त्याच्या पोटात एक अट आहे. आधी उपयोग सिद्ध करा, मग माणूस म्हणून वागवू. ज्याला समाजाने नाकारले, त्याने समाजावर उपकार करून आपली जागा विकत घ्यायची.

माफी या शब्दातही अडचण आहेच. माफी गुन्हेगाराला मिळते. चूक कायद्याची होती, तर माफी कोणी कोणाची मागायची?

११/
आपल्याकडे याच सुमारास काय चालले होते, हे पाहिले की अंगावर काटा येतो.

भारतीय दंडविधान १८६० चे, त्याचा मूळ मसुदा मेकॉलेच्या आयोगाचा. त्यातील ३७७ वे कलम 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंधांना गुन्हा ठरवीत असे. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, प्रौढांच्या खाजगीतील संमतीच्या संबंधांना हे कलम लागू होणार नाही, असा निर्णय दिला. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

आणि तेरा दिवसांनी, २४ डिसेंबरला, लंडनमध्ये ट्युरिंगला राजमाफी मिळाली. ज्यांनी कायदा दिला ते पश्चात्ताप करीत होते, आणि ज्यांच्यावर तो लादला गेला ते आपण त्याला नवे आयुष्य देत होतो.

१२/
२०१३ च्या त्या निकालात एक युक्तिवाद असा होता की असे लोक देशाच्या लोकसंख्येत अत्यल्प आहेत, आणि दीडशे वर्षांत या कलमाखालील खटलेही फार थोडे झाले. म्हणजे ब्रिटनमध्ये अट उपयोगाची होती, आपल्याकडे संख्येची. थोडे आहात, तर गप्प बसा.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा हिशेब मोडून काढला. हक्क डोकी मोजून द्यायचे नसतात, ही भूमिका त्यामागे होती. इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची क्षमा मागायला हवी, असेही न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात नमूद केले.

आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. इतिहासाने क्षमा मागायची म्हणजे आम्ही नेमके काय करायचे?

१३/
पहिला मोह होतो तो 'आपला ट्युरिंग' शोधण्याचा. कोणी पराक्रमी, कोणी प्रतिभावंत समलिंगी मराठी माणूस जुन्या कागदांतून बाहेर काढावा आणि 'पाहा, हाही आपलाच' असे म्हणावे. या खात्यावर तशी विनंती अनेकदा येते.

मी तो शोध सोडून दिला आहे. कारण त्यातही तीच अट आहे. त्याऐवजी एका खटल्याची गोष्ट सांगते. आरोपी समलिंगी नव्हता. वकीलही नव्हता. ज्याच्यामुळे खटला उभा राहिला, त्याचे नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही. आणि या गोष्टीची मुळे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आहेत.

१४/
दापोली तालुक्यातील मुरुड. आज लोक तेथे समुद्रासाठी जातात. इतिहासात हे गाव धोंडो केशव कर्वे यांचे. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. पुढे जग त्यांना महर्षी म्हणू लागले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले.

त्यांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ. जन्म १४ जानेवारी १८८२, मुरुड. बापाला गावाने वाळीत टाकले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. एक संकेत मोडला की माणसे कशी पाठ फिरवतात, हा धडा त्याला शाळेआधी घरात मिळाला.

१५/
रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक झाले. वडीलही गणिताचेच. (ट्युरिंगही गणिताचा. योगायोगापलीकडे यात काही नाही, पण मला तो आवडतो.) १९१९ मध्ये ते गणिताच्या पुढील शिक्षणासाठी पॅरिसला गेले. परत आल्यावर, १९२१ मध्ये, त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही १९२१ मध्येच. पत्नी मालतीबाईंची या कामात साथ होती. १९२३ मध्ये 'संततिनियमन : आचार आणि विचार' हे पुस्तक आले.

ही मते जाहीरपणे मांडू नयेत, असे त्यांच्या महाविद्यालयाच्या चालकांनी सांगितले. कर्व्यांनी मते ठेवली आणि १९२५ मध्ये नोकरी सोडली.

१६/
१५ जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. शरीराची लाज बाळगण्याचे कारण नाही, ही भूमिका त्यामागे होती. आत संततिनियमन, गुप्तरोग, विवाह, स्त्रीचे कामसुख, धर्मचिकित्सा. आणि वाचकांचे प्रश्न.

हे प्रश्नांचे पान मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. डॉक्टरकडे तोंड उघडता येत नाही, घरात तर नाहीच, अशी माणसे या मासिकाला पत्र लिहीत. हस्तमैथुनाने खरोखर क्षय होतो का? आपल्याला जे वाटते ते विकृती आहे का? कर्वे भीती न घालता आणि उपदेश न करता, गणित सोडवावे तशी उत्तरे देत.

१७/
१९३१ मध्ये पहिला खटला झाला. निमित्त 'व्यभिचाराचा प्रश्न' हा लेख. आरोप अश्लीलतेचा. दंड १०० रुपये. अपील फेटाळले गेले.

अश्लीलतेची कसोटी त्या काळी १८६८ च्या एका इंग्रजी निकालावरून ठरत असे. मजकूर कोणाच्या हाती पडू शकतो आणि त्यातल्या कच्च्या मनांवर त्याचा काय परिणाम होईल, असा तो विचार. म्हणजे समाजातील सर्वांत भाबडा वाचक कल्पायचा आणि त्याच्या मापाने सगळ्यांचे वाचन कापायचे. शास्त्रीय माहिती आणि चावट मजकूर यांतला फरक या कसोटीत टिकणे कठीण होते.

१८/
फेब्रुवारी १९३४ मध्ये कर्व्यांना पुन्हा अटक झाली. या वेळी निमित्त होते वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. हस्तमैथुनाविषयी. समलिंगी संबंधांविषयी.

थोडे थांबून हे मनात आणा. १९३४ साली कोण्या एका माणसाने धीर एकवटून कागदावर एक प्रश्न लिहिला, पाकीट बंद केले, पेटीत टाकले. त्याला उत्तर मिळाले, तेही छापून. आणि त्या उत्तराबद्दल उत्तर देणाऱ्याला न्यायालयात उभे केले गेले.

१९/
या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. बालपणाची काही वर्षे दापोलीत गेली. म्हणजे आरोपीचे आणि वकिलाचे गाव शेजारशेजारच्या तालुक्यांतले, एकाच रत्नागिरी जिल्ह्यातले. एकाच्या बापाला गावाने एका विवाहासाठी वाळीत टाकले होते. दुसऱ्याच्या अवघ्या समाजाला शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले होते. या दोन बहिष्कारांची तुलना होऊ शकत नाही, हे स्पष्ट सांगते; एक शिक्षा होती, दुसरी जन्मठेप. पण बहिष्कार म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागणार नाही, असा वकील कर्व्यांना मिळाला.

२०/
बाबासाहेब तेव्हा गोलमेज परिषदा, पुणे करार आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह यांतून गेलेले देशपातळीवरचे नेते होते. त्यांच्या लढ्याला या खटल्याने लाभ होणार नव्हता, बदनामीची शक्यताच अधिक होती. तरी ते उभे राहिले.

त्यांच्या मांडणीचा आशय असा : कोणी लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते लेखन अश्लील ठरत नाही. या मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण आहे. वाचक प्रश्न विचारणार, आणि संपादकाने उत्तर द्यायचे नाही तर मासिक चालवायचे कशासाठी? समलिंगी आकर्षणाच्या प्रश्नावर त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या संशोधकाचा आधार घेतला. ही प्रवृत्ती काहींमध्ये जन्मतःच असेल, तर त्यात वावगे मानण्याचे कारण नाही. आपल्या परीने सुख मिळवण्याचा त्यांनाही हक्क आहे.

वर्ष १९३४. ट्युरिंगवरील खटल्याच्या १८ वर्षे आधी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या ८४ वर्षे आधी.

२१/
खटला हरला. दंड २०० रुपये.

कर्व्यांनी मासिक बंद केले नाही. सव्वीस वर्षे ते एकट्याच्या बळावर काढत राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले आणि पुढच्या महिन्यात शेवटचा अंक आला. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत तिकडे ट्युरिंग गेला. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल.

दोघांना जोडणारा धागा मला गणितात दिसत नाही, तो अन्यत्र आहे. पोलिसांनी विचारले, ट्युरिंगने सरळ उत्तर दिले. वाचकाने विचारले, कर्व्यांनी सरळ उत्तर दिले. दोघांनाही त्या सरळपणाची किंमत मोजावी लागली.

२२/
पण फरक पाहा, कारण माझे म्हणणे त्यातच आहे. ट्युरिंगच्या बाजूने आपण उभे राहतो ते त्याच्या कर्तृत्वाने भारावून. १९३४ च्या खटल्यात कर्वे आणि आंबेडकर ज्याच्या बाजूने उभे राहिले, त्याचे कर्तृत्व त्यांनी विचारलेच नाही. तो हुशार होता की मठ्ठ, देशभक्त होता की नव्हता, कशाचाही प्रश्न आला नाही. त्याने विचारले, म्हणून उत्तर त्याचा हक्क होते. बस्स.

इतिहासात असे क्षण दुर्मीळ असतात. ज्याचा काही उपयोग नाही, ज्याचे नावही ठाऊक नाही, अशा माणसासाठी दोन मोठी माणसे दंड सोसायला आणि बदनाम व्हायला तयार होतात.

२३/
मराठी रंगभूमीनेही हे दोन मार्ग चोखाळले आहेत. अजित दळवी यांनी लिहिलेले, अतुल पेठे यांनी दिग्दर्शित केलेले 'समाजस्वास्थ्य' हे नाटक २०१७ मध्ये आले. कर्व्यांच्या भूमिकेत गिरीश कुलकर्णी. खटले हा त्याचा कणा. न्यायालयात उभ्या राहिलेल्या विचाराचे ते नाटक आहे.

त्याच्या कितीतरी आधी, १९८१ मध्ये, विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आले होते. रोहिणी हट्टंगडी मित्राच्या भूमिकेत. म्हणजे लंडनमधील ट्युरिंगच्या नाटकाच्या पाच वर्षे आधी मराठी प्रेक्षकांसमोर स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री नायिका म्हणून उभी होती. मित्रा साधी महाविद्यालयीन मुलगी. हट्टी, कधी कधी त्रासदायक. तिने कोणताही शोध लावलेला नाही. ती स्वतःला संपवते, तेव्हा तिच्यासाठी हळहळण्याचे एकच कारण प्रेक्षकाकडे उरते : ती माणूस होती. मला ही कसोटी ट्युरिंगच्या नाटकापेक्षा कठीण वाटते आणि अधिक प्रामाणिकही.

२४/
यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. थोरांच्या कथांनीच दार उघडते, असे कोणी म्हणेल. ट्युरिंगची माफी नसती तर २०१७ चा कायदा झाला असता का? त्या कायद्याला नाव त्याचेच मिळाले. लोकांना चेहरा लागतो.

मान्य आहे. दार उघडायला चेहरा उपयोगी पडतो. पण आत यायला प्रत्येकाकडे पदक मागितले, तर ते दार उघडे आहे असे म्हणता येणार नाही. नायकाच्या कथेने सुरुवात करावी आणि तिथेच थांबू नये, एवढेच माझे म्हणणे. व्हाइटमोर यांच्यावरही मी दोष ठेवत नाही. त्यांचा ट्युरिंग तोतरा, विक्षिप्त, प्रेमात फसणारा आहे. त्याला फक्त युद्धवीर म्हणून वाचले ते मी.

२५/
म्हणून इतिहासाच्या माझ्या सोबत्यांना तीन सूचना.

एक : जुन्या नियतकालिकांचे अंक हाती आले, तर अग्रलेखाआधी वाचकांच्या पत्रांचे पान उघडा. ज्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही, ती माणसे तिथे भेटतात.
दोन : एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीवर 'हा समलिंगी होता' असा शिक्का पुराव्याविना मारू नका. अभिमानापोटी मारलेला शिक्काही शिक्काच असतो.
तीन : 'एवढ्या मोठ्या माणसाशी असे वागले' हे वाक्य लिहिताना 'एवढ्या मोठ्या' हे दोन शब्द खोडून पाहा. वाक्य तेवढेच तीव्र राहिले, तर ते ठेवा.

२६/
आणि कधी मुरुडला गेलात, तर सोबतच्यांना थोरल्या कर्व्यांबरोबर धाकट्या कर्व्यांचीही गोष्ट सांगा. बापाने विधवांचा प्रश्न हाती घेतला, त्याला पुढे देशाने मान दिला. मुलाने प्रत्येक शरीराचा प्रश्न हाती घेतला, त्याच्या वाट्याला दंडाच्या पावत्या आल्या.

त्या रात्रीच्या संदेशाला मी तेव्हा उत्तर दिले नव्हते. काय लिहावे ते सुचले नाही. दोन दिवसांनी त्याला १९३४ च्या खटल्याची ही सगळी हकीकत पाठवली आणि खाली लिहिले, "नाही, चालत नाही. माझे वाक्य चुकले होते."

त्याचे उत्तर आले : "त्या प्रश्न विचारणाऱ्याला त्या महिन्याचा अंक मिळाला असेल ना रे?"

मिळाला असावा, अशी आशा मी बाळगते.

(धागा समाप्त. प्रश्न असतील तर खाली विचारा, किंवा नाव न सांगता विचारायचे असेल तर खाजगी संदेशातून विचारा. ठाऊक असेल तेवढे उत्तर नक्की देईन.)